ओळख गुप्त ठेवून जाहीर सत्कार

मेट्रनबाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून समाजसेवा माझ्या वाट्याला आली. वरून पत्र आलं होतं. एखाद्या बाईवर अत्याचार झाला तर पोलीस, दवाखाना, वकील आणि महिला मंडळ यांनी मिळून काम करावं, त्यासाठी समिती नेमावी, आणि समितीत दवाखान्यातर्फे एक अनुभवी परिचारिका असावी. मेट्रनबाईंनी पत्र वाचलं, गुडघ्यावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "सिस्टर, मीटिंग दुसऱ्या मजल्यावर हाय. तुमीच जावा." बायकांच्या वॉर्डात मला बारा-तेरा वर्षं झाली होती, तोंडाळ म्हणून नाव होतं आणि जिना चढता येत होता. एवढ्या पात्रतेवर मी सदस्य झाले.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्या कोल्हापुरात तेव्हा दोन माणसं भेटली की मंडळ व्हायचं आणि तिसरा आला की त्याचा सत्कार. समितीचे अध्यक्ष एक निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना सगळे सर म्हणायचे. पोलिसांकडून एक इन्स्पेक्टरसाहेब. आमच्याच दवाखान्यातले एक डॉक्टर, जे आल्या आल्या मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे, म्हणजे त्यांचा वेळ किती मोलाचा आहे ते आम्हाला दिसावं. महिला मंडळाच्या अक्का, कापड दुकानदाराच्या घरातल्या, घरी कानडी आणि बाहेर मराठी, दोन्हींत न थांबता बोलणाऱ्या. आणि मी. वकीलसाहेब मागाहून येणार होते, ते शेवटपर्यंत मागाहूनच येत राहिले.

पहिल्या दोन मीटिंगा नावात गेल्या. 'लैंगिक अत्याचारपीडित महिला साहाय्य व समन्वय समिती' हे नाव सरांनी काढलं. ते रबरी शिक्क्यात बसेना. शिक्का मोठा करायचा की नाव छोटं, यावर दीड तास चर्चा झाली, मध्ये चहा आणि भडंग. शेवटी शिक्का मोठा केला. तिसऱ्या मीटिंगला पाकिटं छापून आली. पाकिटावर समितीचं अख्खं नाव लाल अक्षरांत, लांबून दिसावं म्हणून. पाचशे पाकिटं. मी विचारलं, "सर, उद्या एखादी पोरगी दारात आली तर आधी कुणी काय करायचं, ते एकदा ठरवूया का?" सर म्हणाले, "मुद्दा चांगला आहे, पुढच्या सभेत घेऊ." साहेब म्हणाले, "सिस्टर, केस तर येऊ द्या की." बहुतेक सगळ्यांनाच वाटत होतं की केस आधी पत्र पाठवून, तारीख ठरवून येते.

केस आली ती एका दुपारी, आईचा पदर धरून. हातकणंगले तालुक्यातल्या एका गावची, एकोणीस वर्षांची पोरगी. गावच्या दूध संस्थेत एक मानाचा माणूस होता, ज्याच्या शब्दावर दूध चांगलं की वाईट ते ठरायचं. त्यानं काय केलं ते तिनं सांगितलं, आणि ते मी इथं लिहिणार नाही. ते ऐकणारे तेव्हाच गरजेपेक्षा जास्त झाले होते.

आदल्या दिवशी संध्याकाळी हे झालेलं. सकाळी मायलेकी आधी गावच्या पोलीस पाटलाकडे गेल्या. त्यानं चौकीत जा म्हणून सांगितलं. चौकीनं सांगितलं ठाण्यात जा. ठाण्यानं थोडंफार लिहून घेतलं आणि आधी दवाखान्यात जाऊन दाखला आणा म्हणाले. आमच्या अपघात विभागानं सांगितलं, पोलिसांचं पत्र असल्याशिवाय हात लावता येत नाही. मग परत एसटी, परत ठाणं, परत एसटी, तेव्हा कुठं पोरगी माझ्या वॉर्डात दाखल झाली. मिळून काम करायची आमची पद्धत ही अशी होती. सगळे एकमेकांकडे बोट दाखवत होते, आणि त्या बोटांच्या दिशेनं पोरगी चालत होती.

डॉक्टरांनी आईला विचारलं, "कालचे कपडे कुठं आहेत?"

आई म्हणाली, "धुतले की. पोरीलाबी न्हाऊ घातलं. तसंच कसं आणू हो साहेब, चार माणसांत?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी त्या माउलीला काय बोलणार? कुठल्याही आईनं हेच केलं असतं. लेकराच्या अंगाला घाण लागली की पहिलं पाणी तापवायचं, हे आम्हा बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. समितीनं पाचशे पाकिटं छापली होती, पण 'आंघोळ घालू नका, कपडे तसेच आणा' एवढी एक ओळ गावोगावी पोचवायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता हातात काही राहिलेलं नाही. फक्त तिचं बोलणं आहे. ते शेवटपर्यंत एकसारखं राहिलं तर केस आहे, नाहीतर नाही." त्या दिवसापासून त्या पोरीचं सगळं तिच्या जिभेवर होतं. तिनं बोलताना थकायचं नव्हतं, बदलायचं नव्हतं आणि गप्प तर बसायचंच नव्हतं.

आणि आम्ही काय केलं? तिला बोलायला लावलं. दोन दिवसांत सहा वेळा. पोलीस पाटलाला एकदा सांगून झालं होतं. ठाण्यात हवालदाराला एकदा. डॉक्टरांना एकदा. मग महिला कॉन्स्टेबल आली, तिला वरून. मग अक्का आल्या, त्यांनी पोरीचा हात हातात घेतला, "सांग बाळ, मन मोकळं कर," म्हणाल्या आणि स्वतःच रडायला लागल्या. पोरगीच त्यांना गप्प करत बसली. मग इन्स्पेक्टरसाहेब स्वतः आले.

त्यात गंमत बघा. पोरीनं प्रत्येकाला वेळ एकच सांगितली होती, "दुधाची गाडी यायच्या आधी." त्यांच्या गावात सगळ्यांचं घड्याळ तेच. भाकरी गाडीच्या आधी, धारा गाडीच्या आधी, भांडण गाडी गेल्यावर. पण सरकारी कागदावर गाडी चालत नाही, तास-मिनिटं लागतात. हवालदारानं स्वतःच्या अकलेनं लिहिलं, सायंकाळी सहा. डॉक्टरांनी लिहिलं, दुपारनंतर. कॉन्स्टेबलनं विचार केला, हिच्या गावाला गाडी पाचला येत असेल, मग साडेचार. पोरगी एकच बोलत होती आणि कागद तीन प्रकारचं बोलत होते. गाडी कधी येते हे दूध संस्थेत एकदा फोन करून विचारावं, असं कुणालाही वाटलं नाही.

सहाव्या वेळेला साहेबांपुढे ती भिंतीकडे बघत सांगायला लागली. डोळ्यांत पाणी नाही, आवाजात चढउतार नाही. साहेबांनी बाहेर येऊन मला सांगितलं, "सिस्टर, पाठ केल्यागत बोलतीया. कुणी शिकवलंय का बघा."

माझं टाळकंच सरकलं. मी म्हणलं, "साहेब, सहा वेळा म्हणायला लावलं तर पाढेसुद्धा पाठ होतात. तुम्ही तुमच्या लग्नाची गोष्ट दोन दिवसांत सहा वेळा सांगून दाखवा, सहाव्यांदा रडू आलं तर मी नोकरी सोडते." वॉर्डबॉयच्या हातातली ट्रॉली जागच्या जागी थांबली. साहेब वाईट माणूस नव्हते. टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "मग काय करूया म्हणता?"

मला काही कायदा कळत नव्हता. मलकापूरकडच्या शेतकरी घरात वाढलेली मी, मला लग्नाच्या याद्या कळत होत्या. मी म्हणलं, "याद्या कशा करतो आपण? दोन्हीकडची माणसं एका जाजमावर बसतात. काय ठरलं ते एकच माणूस लिहितो, सगळ्यांदेखत वाचतो, आणि खाली सगळ्यांच्या सह्या. नंतर कुणी म्हणत नाही की माझ्या कागदात वेगळं लिहिलंय. साड्या-भांड्यांसाठी आपण एवढं करतो, आणि ह्या पोरीसाठी सहा माणसांचे सहा कागद."

वॉर्डातल्या चादरींच्या खोलीत आम्ही बसलो. साहेब दाराबाहेर. आत कॉन्स्टेबल, डॉक्टर, अक्का आणि मी. लिहिणार एक, बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. अक्कांना हे सांगताना मी त्यांच्या हातात सुपारी दिली, म्हणजे तोंड चालू राहील पण बोलण्यात नाही. पोरीनं सातव्यांदा आणि आमच्यापुरतं शेवटचं सांगितलं. मग कॉन्स्टेबलनं वाचून दाखवलं. पोरीनं एके ठिकाणी थांबवलं, "न्हाय, तसं न्हाय. गाडी यायच्या आधी, असंच लिवा." तसंच लिहिलं. बाहेर येऊन साहेबांनी दूध संस्थेत फोन लावला आणि गाडीची वेळ विचारली. सव्वापाच. हवालदाराचे सहा आणि डॉक्टरांची दुपार मात्र फाइलमध्ये जायची ती जाऊन बसली होती.

मला त्या दिवशी फार बरं वाटलं. आपण काहीतरी केलं असं वाटलं. माणसाला एवढं बरं वाटलं की त्यानं चार दिवस घरात बसावं, लोकांत जाऊ नये.

घरी जायच्या दिवशी पोरीनं मला कॉटजवळ बोलावलं. आमच्याकडच्या पोरी जातो-येतोच म्हणतात, तशीच ती बोलायची. "सिस्टर, मी गावाकडं जात न्हाय. वाडीला मावशीचं हार-फुलांचं दुकान हाय देवळाच्या वाटंवर, तितं ऱ्हातो. तितं कुणाला कायबी ठावं न्हाय. मावशीलाबी आयनं दुखणं म्हणून सांगितलंय. कोर्टाचं काय आलं तर मला कळायला पायजे म्हणून पत्ता फकस्त तुमालाच देतो." पोलिसांकडे गावचा पत्ता होता. नृसिंहवाडीचा पत्ता माझ्या डायरीत होता, आणखी कुठेच नव्हता.

पुढच्या मीटिंगला समिती नुसती फुलून आली होती. आरोपीला अटक झाली होती, जामीनही झाला होता, पण अटकेचा आनंद सरांनी जामिनानं कमी होऊ दिला नाही. 'एका जाजमावर' ही आपल्या जिल्ह्याची पद्धत आहे, ती राज्यभर जायला हवी, असं ते म्हणाले. एकच पोरगी आली होती आणि आमची पद्धत झाली होती. मग अर्थातच पुढची पायरी आली.

सर म्हणाले, "त्या भगिनीच्या धाडसाचा सत्कार व्हायला हवा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कुणाचा?"

"तिचाच. शाल, श्रीफळ, साडीचोळी. हॉल मी बघतो. पाहुणेही बघून ठेवलेत."

"सर, तिचं नाव कुठंच यायचं नाही असा कायदा आहे."

"नाव कुठं घेतोय? ओळख गुप्त ठेवून जाहीर सत्कार करायचा," सर म्हणाले, अगदी शांतपणे, वर्गात बेरीज समजावतात तसं. अक्का म्हणाल्या, पोरीनं पदर तोंडावरून घेतला तर काय होतंय? डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले, सर्जिकल मास्कही देता येईल. साहेब म्हणाले, बंदोबस्त लावतो. म्हणजे तोंडावर मास्क, डोक्यावर पदर, गळ्यात हार, दोन्ही बाजूंना पोलीस, आणि समोर शहरातली सगळी माणसं ही कोण असेल बरं म्हणत बसलेली. एवढी गुप्तता तर नवरीलासुद्धा मिळत नाही.

मी तासभर भांडले. आवाज खालच्या मजल्यावर गेला म्हणे. शेवटी बाकीचे उठून गेले आणि सर नरमले. "बरं. तिला बोलवायचं नाही. व्यासपीठावर तिच्या नावाची, म्हणजे बिननावाची, एक रिकामी खुर्ची ठेवू. निदान अभिनंदनाचं एक पत्र तरी तिला जाऊ द्या. साध्या पाकिटात. तेवढा पत्ता द्या." आणि लगेच पुढे म्हणाले, "आणि सिस्टर, याद्यांची कल्पना तुमची. त्याच कार्यक्रमात तुमचाही सत्कार ठरलाय."

मी पत्ता दिला.

हे मी आता एका ओळीत लिहिलं, तसंच तेव्हाही एका क्षणात झालं. भांडण जिंकलं होतं, अंगात वारं भरलं होतं. बारा वर्षं बेडपॅन उचलणाऱ्या बाईला व्यासपीठावर बोलावत होते. पाहुण्यांच्या हातून शाल म्हणजे नवऱ्यालाही बोलवायला हवं, कोणती साडी नेसावी, असलं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं. डायरी उघडली आणि सरांच्या कागदावर माझ्या हातानं लिहून दिलं. कुणी फसवलं नाही, कुणी दरडावलं नाही. मोठ्या मानानं दिला.

पुढचं सरांच्या काटकसरीनं केलं. साधी पाकिटं विकत आणायची कशाला, लाल अक्षरांची चारशेच्या वर शिल्लक होती की. आणि वेगळं पत्र लिहायचं कशाला, निमंत्रणपत्रिका छापून आलीच होती, त्यातच वर 'हार्दिक अभिनंदन' लिहिलं की झालं. पत्रिकेवर होतं, 'सत्कारमूर्ती : एक धाडसी भगिनी (ओळख गुप्त)'. पाकिटावर होतं त्या भगिनीचं नाव, आडनाव, मावशीच्या दुकानाचा पत्ता, आणि वर कोपऱ्यात लाल अक्षरांत, लांबून दिसेल असं, लैंगिक अत्याचारपीडित महिला साहाय्य व समन्वय समिती.

मला हे सगळं नंतर कळलं. रविवारी कार्यक्रम झाला, हॉल भरला होता. मी नवी साडी नेसून गेले. पाहुण्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, फोटो निघाला. त्या रिकाम्या खुर्चीला कुणीतरी हौसेनं हार घातला होता आणि बसायच्या जागी नारळ ठेवला होता. मेलेल्या माणसाची करतात तशी ती मांडणी दिसत होती. तरी मी खाली बसून टाळ्या वाजवल्या.

मंगळवारी तिची आई वॉर्डात आली. औषधांच्या टेबलावर तिनं ते पाकीट ठेवलं.

वाडीला पोस्टमन आला तेव्हा मावशीचं दुकान बंद होतं. त्यानं पाकीट शेजारच्या पेढेवाल्याकडे दिलं. पेढेवाल्यानं वाचलं आणि पलीकडच्या दुकानात दिलं. देवळाच्या वाटेवरच्या अर्ध्या दुकानांनी वाचून झाल्यावर ते मावशीच्या नवऱ्याच्या हातात पडलं. त्याच्या घरात लग्नाच्या दोन पोरी होत्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं त्यानं हिला गावाकडं पोचती केली, वर आपण किती सभ्यपणे वागलो तेही सांगितलं.

आई म्हणाली, "आता गावातली चार माणसं रोज येत्यात. मिटवा म्हणत्यात. पोरगी न्हाय म्हणतीया. पर सिस्टर, हे कुणी धाडलं? वाडीचा पत्ता कुणाला घावला?"

मी म्हणलं, "चौकशी करते." तिनं पाकीट परत पदराआड घेतलं.

लाज वाटते सांगायला, पण मी खरंच हे दोन शब्द म्हणले. समितीची तातडीची सभा झाली. पत्ता कुणी दिला, हा एकच विषय. सरांना खरोखर आठवत नव्हतं, त्यांना वाटत होतं की पोलिसांच्या कागदावरून घेतला. अक्का साहेबांवर तुटून पडल्या. साहेबांनी आपल्या हवालदाराकडे बोट केलं, आणि बिचाऱ्या हवालदाराला लेखी समज गेली. मी चहाच्या कपात बघत बसले होते. तोंडाळ बाई गप्प बसली की लोकांना वाटतं, तिला फार दुःख झालंय. पेशंटची गुप्त गोष्ट फुटली म्हणून नर्सची चौकशी लागते, नोकरीवर येतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. घरी दोन पोरं शिकत होती. कारणं माझ्याकडे पुष्कळ होती.

अक्कांनी मात्र त्याच आठवड्यात, समितीला न विचारता, ठराव न करता, पोरीला गावातून उचलून शहरात आणली. स्वतःच्या दुकानामागच्या खोलीत ठेवली, फॉल-पिकोच्या मशीनवर बसवली. "समिती गेली खड्ड्यात," त्या मला म्हणाल्या, "पोरीला जेवायला लागतंय का न्हाई?" सहा महिन्यांच्या मीटिंगांत समितीनं घेतलेला हा एकमेव शहाणा निर्णय, आणि तो समितीनं घेतलाच नव्हता. मी अधूनमधून ब्लाउजपीस घ्यायच्या निमित्तानं जायची. पोरगी मान वर करून हसायची. मी स्वतःची समजूत घालून घेतली होती की पत्ता कुठून गेला ते तिला ठाऊक नाही, पोलिसांकडून गेला असंच तीही धरून चालली असेल.

खटला उभा राहायला दोनेक वर्षं गेली. तोवर शतक बदललं, डॉक्टरांची बदली झाली, सर दुसऱ्या एका समितीचे अध्यक्ष झाले. या सगळ्या काळात गावचे लोक अक्कांच्या दुकानापर्यंत येऊन गेले, पैसे देऊ म्हणाले, त्याच माणसाच्या पुतण्याशी लग्न लावून देऊ म्हणाले. पोरगी हलली नाही. "मी कोर्टात सांगणार," एवढंच म्हणायची.

साक्षीच्या दिवशी मी रजा टाकून तिच्याबरोबर गेले. असल्या खटल्याची सुनावणी बंद दाराआड होते, त्यामुळे मी व्हरांड्यात बाकावर. आत ती, न्यायाधीश, दोन्ही वकील, आरोपी. सकाळी गेली ती जेवणाच्या सुट्टीत बाहेर आली. घामानं ब्लाउज भिजला होता. मी पाण्याची बाटली दिली. अर्धी बाटली प्यायली आणि बाकावर बसली.

"सगळं सांगितलं," ती म्हणाली. "एक शब्द इकडचा तिकडं केला न्हाय. गाडी यायच्या आधी, हेच सांगितलं. त्यांनी ते सहाचं न् दुपारचं कागद काढलं, मी म्हणलं, ते त्यांनी लिवलंय, मी न्हाय."

"शाब्बास," मी म्हणलं.

"मग त्यांच्या वकिलानं ती पत्रिका काढली. सत्काराची, पाकिटासकट. मिटवायला येणाऱ्यांनी आमच्या घरनं न्हेलीवती. म्हणला, तुमाला नाव कमवायचं व्हतं, ह्या समितीच्या बायकांनी तुमाला शिकवून उभं केलं. पाकिटावर वाडीचा पत्ता हाय, तो समितीला कुणी दिला, सांगा." तिनं बाटलीचं झाकण लावलं, परत काढलं. "मी म्हणलं, ठावं न्हाय."

माझ्या तोंडातून निघालंच, "अगं, तो मीच..."

"म्हाईत हाय की," ती म्हणाली. "तुमच्याबिगार कुणाला सांगितलावता मी? पाकीट हातात आलं तवाच कळलं." माझ्याकडे न बघता ती पुढे बोलत राहिली. "तुमचं नाव घेतलं असतं तर तुमची नोकरी गेली असती. त्या वॉर्डात तुमी एकट्याच माझ्यासाठी भांडलासा. त्यानं तीनदा विचारलं, मी तीनदा ठावं न्हाय म्हणलं. तेवढंच एक खोटं बोललो मी सिस्टर, बाकी समदं खरं हाय."

सुट्टी संपायला वीस मिनिटं होती. सरकारी वकील तिथेच जिन्यापाशी चहा पीत उभे होते. जाऊन त्यांना सांगायचं होतं, साहेब, पत्ता मी दिला, मला आत घ्या, लिहून घ्या. दहा पावलं असतील नसतील. मी पोरीच्या पाठीवरून हात फिरवत बसून राहिले. पुकारा झाला, ती उठून आत गेली.

निकाल महिनाभरानं लागला. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. सरकारी वकिलांनी मला निकालपत्र वाचून दाखवलं. वैद्यकीय पुरावा नाही. वेळेबाबत कागदपत्रांत तफावत. आणि सत्काराच्या पत्रिकेबाबत साक्षीदार मुलगी समाधानकारक खुलासा करू शकली नाही, ती काहीतरी लपवत आहे असं तिच्या उत्तरांवरून दिसतं, त्यामुळे तिच्या एकटीच्या शब्दावर विसंबता येत नाही.

न्यायाधीशांनी बरोबर ओळखलं होतं. ती लपवत होती. ती मला लपवत होती, आणि मी दाराबाहेर बाकावर बसून तिला लपवू दिलं.